सर्व्हरच्या खोलीतली सवाष्ण

"चार महिना खोटं बोलू नको, बेटा. गंमतमा बी नको, भ्याव वाटना तरी नको. आनि खरं बोलशी ते हाळू बोल. खरं शे म्हनीसन कोनले फेकी मारू नको."

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, दिपमाला धुळ्याजवळ कापडण्याला माहेरी गेली होती, तेव्हा आईनं, मंजुळाबाईनं, झोक्याचा दोर धरून तिला हे सांगितलं. चातुर्मासाचा नेम आईनं सांगायचा आणि लेकीनं तो निमूट धरायचा, ही मायलेकींची जुनी रीत. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी रात्रीचं जेवण सोडलं. यंदा खोटं सोडायचं होतं. आषाढी एकादशीला जळगावच्या आपल्या घरी तुळशीपुढे पाणी सोडून दिपमालानं नेम घेतला, आणि दोनचार दिवसांतच तिच्या ध्यानात आलं की वांगं फार सोपं होतं.

"खिचडी कशी झाली?" भूषणनं विचारलं. तिचा नवरा भुसावळला रेल्वेत. सुट्टीच्या दिवशी हौसेनं स्वयंपाकघर ताब्यात घ्यायचा.

दिपमाला थांबली. घास गिळला. "तुमच्या हातची आहे म्हणून गोड लागते," ती हळूच म्हणाली.

"म्हणजे?"

"मीठ दोनदा पडलंय."

"कार्तिकी एकादशी कधी आहे गं?" भूषण म्हणाला, आणि दोघंही हसली.

घरात हे असं हसण्यावारी जायचं. कामावर जाणार नव्हतं.

दिपमाला कॉम्प्युटरचं शिकलेली. लग्नानंतर काही वर्षं तिनं एका क्लासमध्ये मुलांना टायपिंग शिकवलं. मग दुपारच्या निवांत वेळात घरी बसून तिनं सायबर सुरक्षेचा अभ्यास चालवला. लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये चोर कुठून शिरतो, वाट कशी शोधतो, आणि त्याच्या आधी ती वाट आपण शोधून कशी बुजवायची. सकाळी दारात गोपद्मं काढायची, पिंपळाला पाणी घालायचं, आणि दुपारी पडद्यावरची कुलपं उघडून बघायची. शेजारणी म्हणायच्या, "एवढी देवाधर्माची बाई आणि शिकते काय, तर चोरविद्या." ती म्हणायची, "राखण करायची तर चोराची पायवाट ठाऊक हवी ना."

परीक्षा पास झाली, सर्टिफिकेट आलं, आणि मननच्या कंपनीत तिला उमेदवारीवर घेतलं. मनन बाजारपेठेतल्या मारवाडी घरचा मुलगा. आजोबांचं कापडाचं दुकान खाली, आणि त्याची सायबर सुरक्षेची कंपनी वरच्या मजल्यावर, पूर्वी जिथं चादरींचे गठ्ठे असत तिथं. कंपनी म्हणजे चार टेबलं, त्यांतली दोन कायम रिकामी.

"काम पोत्यानं येतं आणि माणसं चिमटीनं मिळतात, ताई," मनन म्हणायचा. "केळी परदेशात पाठवणारे विचारतात, डाळ मिलवाले विचारतात, दवाखाने, पतपेढ्या. सगळ्यांना राखण पाहिजे. एखादा पोरगा शिकवून तयार केला की तो पुण्याची गाडी पकडतो. पुण्यातही हीच बोंब, माणसं नाहीत. म्हणून ते दुप्पट पगार देतात आणि मी नुसता टाटा करतो."

त्यामुळे मननला दिपमाला हवी होती, आणि दिपमालाला हे काम. टायपिंगच्या क्लासमध्ये परत जाऊन 'असदफ' ऐकत बसायची तिची आता इच्छा नव्हती.

श्रावण लागला तसं पहिलं मोठं काम आलं. एरंडोल रस्त्यावर पारसमल शेटजींची डाळ मिल होती. त्यांच्या दुबईच्या व्यापाऱ्यानं अट घातली होती की आमचे सौदे, आमचे कागद तुमच्या कॉम्प्युटरमध्ये राहतात, ते सुरक्षित आहेत हे कुणा तिऱ्हाइताकडून तपासून दाखवा. दिपमालानं शेटजींच्या परवानगीनं मननच्या ऑफिसात बसूनच मिलची सगळी यंत्रणा चाचपली. काम चोख झालं. राहिली माणसांची परीक्षा. कुणीतरी अनोळखी माणसानं मिलमध्ये जायचं, सर्व्हरच्या खोलीपर्यंत पोचायचं, तिथल्या कपाटाला एक पिवळा स्टिकर लावून परत यायचं. ही परीक्षा कधी होणार आणि कोण घेणार, हे मिलमध्ये कुणालाच सांगायचं नव्हतं. शेटजींना एवढंच ठाऊक होतं की या आठवड्यात कधीतरी कुणीतरी येईल.

"तुम्ही जा," मनन म्हणाला. "सांगायचं, मी इंटरनेटच्या कंपनीकडून आले, लाइन तपासायचीय."

"मी तिकडून आलेली नाही."

"अहो, म्हणजे तसं सांगायचं."

दिपमालानं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मननभाऊ, मला कार्तिकीपर्यंत खोटं बोलता येणार नाही. नेम आहे."

"ताई, हे खोटं नाही. नाटक आहे. नाटकात राजा झालेला माणूस खोटारडा असतो का?"

"नाटक बघणाऱ्याला ते नाटक आहे हे ठाऊक असतं."

मननची दादी, भंवरीबाई, ताकाचा तांब्या घेऊन वर आली होती. सूर्य मावळल्यावर जिच्या तोंडात पाण्याचा थेंब जात नाही अशी ती बाई. तिनं तांब्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मनन, नेम म्हणजे नेम. तू पर्युषणात एक उपवास धरलास आणि दुपारी कचोरी खाल्लीस, तेव्हा मी काय म्हणाले होते?"

"दादी, ते मी सातवीत असताना."

"कचोरी तर कचोरीच होती."

मनननं ताक प्यायलं, मिशी पुसली. "बरं. खरं बोलून जमवा. पण ताई, मी आताच सांगतो. जमलं नाही तर मला पुण्याहून मुलगा बोलवावा लागेल, आणि तुमची उमेदवारी पुढं नेता येणार नाही. या धंद्यात निम्मं काम माणसांच्या परीक्षेचंच असतं."

हेही खरंच होतं, आणि हळूच सांगितलेलं होतं. दिपमालानं मान हलवली.

शुक्रवार होता. श्रावणातल्या शुक्रवारी दिपमाला दुपारी एकदाच जेवायची. सकाळी जिवतीची पूजा केली, शेटजींच्या सहीचं परवानगीचं पत्र पर्समध्ये ठेवलं, स्टिकर ठेवला, आणि देवाला म्हणाली, मला आत जाऊ दे असं मी म्हणत नाही, मला खोटं बोलू देऊ नकोस एवढंच म्हणते.

मिलच्या फाटकावर डाळीच्या भुशाचा गोडसर वास होता. पहारेकरी उखर्डू, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, लोखंडी खुर्चीत बसला होता. त्याच्या डोक्यावर दोन कॅमेरे.

"कोठे जानं शे, बाई?"

"आबा, मी सुरक्षा तपासायला आले आहे. अनोळखी माणसाला इथं कुणी अडवतं की नाही, ते बघायचंय."

उखर्डू मनापासून हसला. "बठ्ठी दुनिया तपासाले येस आठे. मीटर तपासनारा येस, काटा तपासनारा येस. तू बी तपास. कोनता गावनी शे तू?"

"सासर जळगाव. माहेर कापडणं."

म्हातारा खुर्चीतून उठलाच. "कापडनं? मना मामानं गाव शे ते. कोनी पोर तू?"

तिनं वडिलांचं नाव सांगितलं. उखर्डूनं त्यांच्या विहिरीवर लहानपणी उड्या मारल्या होत्या. झालं. दिपमालानं आठवण दिली, "आबा, माझं नाव लिहून घ्या. आत फोन करून विचारा."

"गावनी लेक दारमा उनी आनि मी तिले नाव इचारू?" उखर्डूला ते ऐकूनच कसंतरी झालं. "लोक काय म्हंतीन माले? जाय बेटा, मझार जाय. पानी पे पहिले."

तिनं पाणी प्यायलं आणि आत गेली. अडवलं गेलं असतं तर नोकरी गेली असती. अडवलं नव्हतं, तर तिला त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटत होतं.

ऑफिसात पहिल्या टेबलावर रिद्धी नावाची मुलगी फोन घ्यायला बसलेली, आणि तिच्यामागं हिशेब बघणाऱ्या कमलबाई. पन्नाशीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, चष्मा दोरीला बांधलेला.

"मी सर्व्हरच्या खोलीत जायला आले आहे," दिपमाला म्हणाली. "मला परवानगी आहे की नाही, ते तुम्ही विचारायला हवं."

रिद्धीनं कमलबाईंकडे पाहिलं. कमलबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वरपासून खालपर्यंत दिपमालाला न्याहाळलं. मंगळसूत्रावर नजर थांबली, मग पायांतल्या जोडव्यांवर.

आता विचारणार, दिपमालाला वाटलं.

"जेवलात?" कमलबाईंनी विचारलं.

"नाही. आज शुक्रवार. एकदाच जेवते."

"देवच पावला," कमलबाई म्हणाल्या आणि खुर्चीला टेकल्या. त्यांचा दर श्रावणी शुक्रवारी सवाष्ण जेवू घालण्याचा नेम होता. ठरलेली सवाष्ण, पॅकिंगमधली कोकिळा, बहिणीला मुलगा झाला म्हणून पहूरला निघून गेलेली. पहाटे उठून खापरावर केलेल्या पुरणपोळ्या डब्यात, आणि जेवायला सवाष्ण नाही. "सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही. रिद्धीचं लग्न व्हायचंय, बाकी सगळे बाप्ये. आणि तुम्ही अशा चालत दारात आलात."

"अक्का, मी पाहुणी नाही. परीक्षा घ्यायला आलेय. सर्व्हरच्या खोलीत बाहेरचं माणूस जाऊ शकतं का, ते बघायला."

"जाऊ शकतं की. आम्ही रोज तिथंच जेवतो. एसी आहे ना."

त्यांनी दिपमालाचा हात धरला. दुसऱ्या हातात डबा. वाटेत बोळात समोरून पारसमल शेटजीच आले. आठवडाभर ते पाठीवर पिशवी आणि कानात वायर अडकवलेल्या पोराच्या पाळतीवर होते. कुंकवाची कोयरी घेऊन मागून येणारी रिद्धी, पुढं कमलबाई, मधे खाली मान घातलेली सवाष्ण, हे पाहून ते भिंतीला टेकून बाजूला झाले आणि त्यांनी हात जोडले.

"पोटभर जेवू घाला हो," ते म्हणाले, आणि कुलपात किल्ली तशीच लटकत असलेलं सर्व्हरच्या खोलीचं दार त्यांनी स्वतःच ढकलून दिलं.

सर्व्हरच्या खोलीत गार होतं. निळे दिवे लुकलुकत होते. कपाटाच्या पायाशी सतरंजी कायमची अंथरलेली. कमलबाईंनी दिपमालाचे पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली आणि वर तुपाची धार धरून पुरणपोळी वाढली. पोळी जिभेवर विरघळत होती. जिचं अन्न खातोय तिचीच चूक उद्या शेटजींपुढं मांडायची. सांगितलं नाही तर काम खोटं, सांगितलं तर हे अन्न अंगी लागणार नाही.

जेवण झाल्यावर तिनं स्टिकर काढला. "अक्का, हे मी या कपाटाला लावतेय. चोर असता तर इथवर पोचला असता, अशी ही खूण आहे."

"लावा, लावा. कपाट उघडंबोडकंच दिसतं. मी म्हणतच होते, काहीतरी चिकटवा." कमलबाई प्रसन्न होत्या. "आणि पुढच्या शुक्रवारीही तुम्हीच यायचं बरं का. मनासारखी सवाष्ण मिळाली की बदलू नये."

"येईन," दिपमाला म्हणाली. ते तोंडातून निघून गेलं आणि मगच तिला कळलं की आपण काय बोललो.

परतताना फाटकावर ती थांबली. "आबा, मला अडवायला हवं होतं तुम्ही."

"पुढला खेपले आडवसू," उखर्डू म्हणाला आणि त्यानं तिच्या माहेरच्यांना रामराम सांगितला.

सोमवारी मनन आणि दिपमाला शेटजींच्या केबिनमध्ये बसले. आधी यंत्रांचं झालं. कॅमेऱ्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच होता, म्हणजे कॅमेऱ्यातून शेटजी जेवढं बघत होते तेवढं कुणीही बघू शकत होतं. नोकरी सोडून गेलेल्या माणसांची खाती अजून उघडीच होती. शेटजी गंभीर झाले, लगेच दुरुस्त करा म्हणाले. मग खुर्चीत मागं रेलले.

"पण माणसांची मला चिंता नाही. तुमचा पोरगा काही आला नाही, मनन. घाबरला वाटतं."

"आला होता, काकासा," मनन म्हणाला. "म्हणजे, आल्या होत्या."

दिपमालानं मान वर केली. "स्टिकर कपाटाला लावला आहे, शेटजी."

शेटजी तिच्याकडे बघत राहिले. कुठं पाहिलंय ते आठवायला त्यांना थोडा वेळ लागला. मग चेहरा उतरला, आणि लगोलग तापला. "कोणी सोडलं तुम्हाला आत?"

खोटं बोलायचं नाही असा नेम होता, सगळं बोललंच पाहिजे असा नव्हता. तरी गप्प बसून भागणार नव्हतं, वर कॅमेरे होतेच. तिला झोक्याचा दोर आठवला.

"शेटजी, मी प्रत्येक दारावर खरं सांगितलं. तपासायला आले, मला विचारा, असंच म्हणाले. कॅमेऱ्यात दिसेल ते. पण पाहुण्याला थांबवायचं कसं, हे तुमच्या मिलमध्ये कुणाला कुणी शिकवलेलं नाही. फाटकावर पाहुण्याला बसायला बाकडंच नाही. उन्हात उभं करून नाव विचारणं म्हणजे अपमान, असं तिथल्या माणसाला वाटतं, आणि ते त्याच्या चांगुलपणामुळं वाटतं. तिथं सावलीत एक बाकडं ठेवा, माठ ठेवा. या, बसा, पाणी घ्या, आत विचारतो, एवढं म्हणायची मोकळीक द्या. म्हणजे पाहुण्याचाही मान राहील आणि दारही राखलं जाईल."

"आणि ती खोली?"

"बायांना जेवायला पंख्याची जागा नाही. ती केलीत की सर्व्हरच्या खोलीला कुलूप लागेल." ती आणखी हळू म्हणाली, "शेवटचं दार कुणी उघडलं, ते तुम्हाला आठवत असेल."

मननला खोकला आला. शेटजींनी टेबलावरचा काचेचा गोळा इकडचा तिकडे ठेवला, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हातही जोडले होते मी," ते म्हणाले. "अरे मनन, चोराला नमस्कार करून आत पाठवणारा मालक दुबईवाल्यानं पाहिला नसेल." अहवालात कुणाचं नाव नको, आणि बाकडं उद्याच मागवा, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

बाहेर मात्र बातमी आधीच पोचली होती. कमलबाई टेबलाशी ताठ बसल्या होत्या.

"म्हणजे माझ्या पुरणपोळीचा अहवाल झाला," त्या म्हणाल्या.

"पोळीचा नाही, अक्का. खोलीचा."

कमलबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि कागदात डोकं घातलं. दिपमाला दाराकडे वळली. रिद्धी तिच्या मागं दारापर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, हे कुठं शिकवतात? मी बी.कॉम. आहे, चालेल?"

"चालेल. आधी कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात कसे, ते शिक. पुष्कळसं फुकट शिकता येतं. घाई करू नकोस, रोज थोडं कर. नेम धरल्यासारखं."

शेटजींनी ती गोष्ट पेठेत ज्याला त्याला रंगवून सांगितली, आणि मननचा फोन वाजायचा थांबेना. भुसावळच्या एका दवाखान्याला परीक्षा हवी होती, धुळ्याच्या एका सूतगिरणीला हवी होती, आणि प्रत्येकाला 'ती खरं बोलणारी बाई'च हवी होती. मनननं दिपमालाला कायम केलं. रिकाम्या टेबलांपैकी एक तिला दिलं आणि दुसऱ्यावर बसायला कुणी तयार करा म्हणून तिच्याच मागं लागला. तिनं रिद्धीचं नाव सुचवलं.

"धुळ्याच्या सूतगिरणीला शुक्रवारी जायचं का?" त्यानं विचारलं.

"शनिवारी जाऊ. शुक्रवारी मी डाळ मिलमध्ये येईन म्हणाले आहे. सवाष्ण म्हणून."

"ताई, ते तर परीक्षेतलं बोलणं होतं."

"परीक्षेतलं असलं तरी बोलणं माझंच होतं."

मनननं हात वर केले आणि खाली दादीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शनिवारी जाऊ."

शुक्रवारी सकाळी दिपमालानं गोपद्मं काढली, पूजा केली. कमलबाईंचा फोन आला नव्हता. पान वाढलेलं असेल की नाही, ठाऊक नव्हतं. नसेल तर नसेल, म्हणाले होते एवढं खरं करून परत यायचं. भूषण दारात बूट चढवत होता.

"त्यांनी जेवायला बोलावलंच नाही तर?"

"तर तुम्ही आल्यावर तुमची खिचडी खाईन."

"मीठ?"

"तुम्ही घाला, मी सांगते."

कंपनीचं ओळखपत्र तिनं टेबलावरच ठेवलं, आज ते लागणार नव्हतं. फुटाण्यांची पुडी घेतली, कमलबाईंसाठी एक खण घेतला. मग आधार कार्ड काढून पर्सच्या अगदी वरच्या कप्प्यात ठेवलं, हाताला पटकन लागेल असं. उखर्डूआबा आज तिला अडवणार होता, आणि गावच्या लेकीला नाव विचारताना त्याला संकोच वाटायला नको होता.

तिनं चपला पायात सरकवल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि एरंडोलच्या बसला निघाली.